चांदीची घडणावळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त खिदिरपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात चांदीविषयी बोलण्यास उभे राहणे म्हणजे पंचवीस वर्षे उशिरा येण्यासारखे आहे. रौप्यमहोत्सवातच हा विषय शोभला असता. परंतु कार्यवाहांनी "तुमच्या त्या चमच्यांविषयी काहीतरी सांगा" असा आग्रह धरला, आणि छंदिष्ट माणसाला असा आग्रह मोडवत नाही. गेली कित्येक वर्षे आम्ही या शहरात जुने, नक्षीदार, चांदीचे चमचे, काटे, सुऱ्या आणि वाढपाची उपकरणे जमवीत आलो आहोत. आमच्या संग्रहाचे प्रदर्शन मांडण्याचा येथे हेतू नाही. आपणा सर्वांच्या घरांतील कपाटांत, ट्रंकांत आणि बँकेच्या पेटीत जी चांदी निजून आहे, तिच्याविषयी आम्हांला बोलायचे आहे.

चांदी आणि खिदिरपूर यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. खिदिरपूर म्हटले की गोदी डोळ्यांसमोर येते. १८९२ साली ती खुली झाली, पण जहाजे बांधण्याचा उद्योग येथे त्याच्याही आधीपासून होता. गोदीबरोबर बंदराचे अधिकारी आले, हुगळीच्या दगाबाज पात्रातून जहाजे आत आणणारे पायलट आले, कोठीवाले आले, आणि त्यांच्यामागोमाग त्यांची जेवणाची टेबले आली. शेजारच्या गार्डन रीचमध्ये बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य कार्यालय होते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे आजोबा-पणजोबा याच रेल्वेच्या नावातील 'नागपूर' या शब्दाचे बोट धरून येथवर पोहोचले. अशा दोन-तीन घरांत 'बी. एन. आर.' अशी अक्षरे उमटवलेले चमचे आम्ही पाहिले आहेत. ते चांदीचे नव्हेत, मुलाम्याचे आहेत. ते घरात कसे आले, हे विचारण्याचा अधिकार आता रेल्वेलाही उरलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर येथील इंग्रज आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे एकेक करून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे देश गाठू लागली. बोटीवर सगळे सामान नेता येत नसे. पियानो, कपाटे, झुंबरे आणि टेबलावरची चांदी लिलावात गेली. रसेल स्ट्रीटवर रविवारी भरणारे लिलाव ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक असेल, की तेथे एका कुटुंबाचा संसार तासाभरात वीस घरांत वाटला जातो. १९४० साली सुरू झालेले 'रसेल एक्स्चेंज' हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. अशा लिलावांतून डझनाचा संच क्वचितच मिळतो. मिळतात ते पाच काटे, सात चमचे आणि जोड हरवलेली एखादी चिमट्यासारखी साखरदाणीची पकड. संग्राहकाचे निम्मे आयुष्य अशी मोडकी डझने जुळवण्यात जाते.

येथे एक ऐतिहासिक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत आपले पूर्वज या प्रांतात स्वाऱ्या करीत होते. त्यांच्या भयाने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणला. अखेर वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली. येथील आया 'बर्गी' आले म्हणून पोरांना निजवतात, ते त्याच काळापासून. पूर्वजांनी जी चांदी वजनावर नेली, ती आम्ही आता घडणावळीसकट विकत घेत आहोत, असे आमचे एक बंगाली स्नेही म्हणतात. हिशेब फिटला की नाही, हे मात्र ते सांगत नाहीत.

'घडणावळ' हा शब्द आला, तो बरे झाले. आजच्या विषयाचा गाभा त्याच शब्दात आहे. सोनाराच्या दुकानात आपण दागिना घेतो तेव्हा वजनाचे पैसे वेगळे आणि घडणावळीचे वेगळे मोजतो. तोच दागिना मोडीत घालतो तेव्हा वजनाचे पैसे मिळतात, तेही घट कापून. घडणावळीचे काहीच मिळत नाही. ज्याने महिना-महिना राबून वेल उठवली, पाकळी कोरली, त्याचा श्रम तराजूत शून्य भरतो. व्यवहार म्हणून हे चूक आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण तराजूला डोळे नसतात. पण आपण तराजू नव्हे.

मराठी घरात चांदी म्हणजे काय, याची आठवण करावी. ताटवाटी, पेला, फुलपात्र, तांब्या, पळी-पंचपात्र, ताम्हण, निरांजने, अत्तरदाणी, गुलाबदाणी, कुंकवाचा करंडा. काटा त्यात कोठेही नाही. आपण पाच बोटांनी जेवणारी माणसे, आणि तोंडात धातूचे दात घालून जेवण्याचे आपल्या आज्यांना हसूच येई. खुद्द इंग्लंडातही काटा सर्वत्र रूढ होण्यास अठरावे शतक उजाडावे लागले, त्याआधी तेथील सरदारही बोटांनीच जेवत होते, ही गोष्ट आपण त्यांना कधी ऐकवली नाही, एवढेच. मराठी संस्थानिकांनी मात्र पुढे ही टेबले हौसेने मांडली. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे सरकारांच्या भोजनाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आजही पाहायला मिळते. जेवणानंतर पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन ती फिरत असे.

परंतु एक वस्तू अशी आहे की जिच्यात मराठी, बंगाली आणि इंग्रज ही तिन्ही घरे एकत्र येतात. तान्ह्या मुलाला दूध पाजण्याचे आपले चांदीचे बोंडले आपणा सर्वांना ठाऊक आहे. उष्टावणाच्या दिवशी चांदीची वाटी आणि चमचा लागतो, तसाच बंगाली घरात मुखेभाताला लागतो, आणि त्यांच्याकडे शिंपल्याच्या आकाराचे चांदीचे 'झिनुक' तेच काम करते. इंग्रजांकडे अठराव्या शतकात याच कामासाठी लांबट चोचीची, बिनदांड्याची, होडीसारखी चांदीची वाटी असे. दूध-पावाची पेज त्यातून पाजीत. अशी एक वाटी एका लिलावात रस्सा वाढण्याचे भांडे म्हणून मांडली होती. आमच्याबरोबर आलेल्या घरातील वडीलधाऱ्या बाईंनी ती दुरूनच पाहिली आणि म्हणाल्या, "अग बाई, हे तर बोंडले!" ग्रंथ न चाळता वस्तू ओळखणे म्हणजे काय, ते आम्हांला त्या दिवशी समजले.

आता ही चांदी घडत कशी होती, ते पाहू. १८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन एकशे ऐंशी ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. त्यामुळे रुपया हे नाणेही होते आणि मापही. 'रुपयाभार' हा शब्द आपल्या आज्या वापरीत, तो येथला. कारागिराला चांदी पुरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या हातावर रुपये मोजणे. तो ते मुशीत घाली, बागेसरीवर आटवी आणि पत्रा वा सळई पाडी. इंग्लंडच्या स्टर्लिंग चांदीत हजारी ९२५ भाग शुद्ध असतात, तर रुपयात सुमारे ९१७. म्हणजे कसात फारसा फरक नव्हता. जड नक्षीच्या एका मोठ्या चमच्यात सात-आठ रुपये विरघळलेले असत. टेबलावर चमचे मांडले म्हणजे साहेबाने आपली रोकडच मांडलेली असे, आणि अडचणीच्या दिवशी ती पुन्हा वजनावर मोडता येई. या बाबतीत साहेब आणि आपले आजोबा एकाच मताचे होते. पुढे १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. 'रुपयाभार' हा शब्द मागे उरला, त्याच्या मागची चांदी गेली.

कलकत्त्यातील सर्वांत नामांकित पेढी हॅमिल्टन आणि कंपनी. रॉबर्ट हॅमिल्टन १८०८ साली येथे आला आणि त्याच्या नावाची पेढी दीडशेहून अधिक वर्षे चालली. ट्वेन्टीमन, पिटार, कुक आणि केल्व्ही ही आणखी काही नावे. या पेढ्यांचे चमचे विलायतेच्या चमच्यांशेजारी ठेवले तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. मात्र इंग्लंडात कस तपासून छाप मारणारी सरकारी कचेरी असे, येथे तशी नव्हती. चांदीवर सरकारमान्य हॉलमार्क मारण्याची पद्धत आपल्या देशात आली ती २००५ साली. तोपर्यंतच्या काळात येथील पेढ्या आपल्याच मनाने छाप मारीत: पेढीची आद्याक्षरे, एखादा हत्ती, आणि त्याशेजारी एखादे सुटे इंग्रजी अक्षर.

त्या सुट्या अक्षरापाशी आम्ही नेहमी थबकतो. ती अक्षरे म्हणजे पेढीत काम करणाऱ्या कारागिरांच्या खुणा, कोणी किती नग घडवले याचा हिशेब ठेवण्यासाठी मारलेल्या, असे जाणकार मानतात. पेढीचे नाव साहेबाचे, गिऱ्हाईक साहेब, नमुना विलायतेहून आलेला, पण ऐरणीवर हातोडी चालवणारा हात बहुधा येथलाच असे. हॅमिल्टनचे नाव दोनशे वर्षांनी आपण येथे उच्चारतो. ज्याच्या हातून चमचा उतरला त्याचे फक्त एक अक्षर राहिले, आणि तेही त्याच्या लिपीतले नव्हे. देवघरजवळच्या मराठी घराण्यातले सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ साली 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालीत लिहून परकी सत्तेखाली देशी उद्योगांची कशी धूळधाण झाली ते मांडले, आणि १९१० साली सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. त्या कहाणीत विणकर उपाशी मरतो. चांदीच्या कारागिराचे थोडे निराळे झाले. त्याला काम मिळाले, मजुरी मिळाली. नाव तेवढे मिळाले नाही.

आता नक्षीकडे वळू. विलायती नमुन्यांत दोन मुख्य. एकाला 'फिडल' म्हणतात, कारण दांड्याचे टोक सारंगीसारखे रुंद होते. हा साधा, सपाट, घडाईचा नमुना आणि कलकत्त्यात विपुल सापडणारा. दुसरा 'किंग्ज पॅटर्न', एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय झालेला: टोकाशी शिंपला, खाली वेलबुट्टी, कडेने वळसे. तो पोलादी साच्यात दाबून काढीत. काही चमच्यांवर ही नक्षी दोन्ही बाजूंनी असते, काहींवर एकाच बाजूने. दोन्ही बाजूंचा हवा असेल तर साचाही दुप्पट आणि चांदीही अधिक. लिलावात चमचा आधी उलटा करून पाहावा, तो यासाठी.

आम्हांला स्वतःला किंग्ज पॅटर्नचा फार मोह नाही. साच्यातून निघालेली हजारावी पाकळी पहिल्या पाकळीइतकीच नेटकी असते, आणि तेच तिचे उणे. आमचे मन रमते ते हाताच्या उठावाच्या कामात. ते काम असे चाले. राळ, विटेची पूड आणि थोडे तेल एकत्र करून त्यावर चांदीचा पत्रा बसवीत, भांडे असेल तर ते आतून राळेने भरीत. मग लहानलहान ठशांनी आणि हलक्या हातोडीने आकृती आतून फुगवायची आणि बाहेरून रेखायची. ठोकून ठोकून चांदी ताठर होते, म्हणून मधूनमधून राळ काढून तिला ताव द्यावा लागतो, आणि पुन्हा राळ भरावी लागते. एका साखरदाणीला हे चक्र किती वेळा फिरत असेल याचा अंदाज करावा.

आपल्या खिदिरपुराहून अलीपूर ओलांडून आदिगंगेच्या पलीकडे गेले की भवानीपूर लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भवानीपुरात चांदीच्या नक्षीची एक स्वतंत्र तऱ्हा निपजली. बारीक खरखरीत जमिनीवर बंगालचे खेडे: माडाची झाडे, शाकारलेली झोपडी, नांगर धरलेला शेतकरी, बैलगाडी, घागर घेतलेली बाई. गिरीशचंद्र दत्त हे तेथले एक नाव सुदैवाने मागे राहिले आहे, कारण त्यांनी आपल्या मालावर स्वतःचे नाव आणि 'भवानीपूर' असे घातले. साहेबाच्या चहाच्या टेबलावर एका बंगाली कारागिराने बंगाली कुणबी नेऊन बसवला, हे आम्हांला त्या संपूर्ण शतकातले एक गोड धाडस वाटते. साहेबाला ते 'निसर्गरम्य' वाटले असेल. कारागिराला ते आपले गाव होते.

प्रांतोप्रांती अशा तऱ्हा होत्या. कच्छात वेलबुट्टीने तिळाएवढी जागाही मोकळी सोडीत नसत. भुजच्या ओमरसी मावजी यांचे काम त्यांत श्रेष्ठ, आणि त्यांची 'ओ. एम.' ही खूण आज संग्राहकांना वेड लावते. मद्रासेकडे चमच्यांच्या दांड्यांवर देवदेवता असत, त्याला 'स्वामी' नक्षी म्हणत. आपल्या पुण्यातही देवदेवतांच्या उठावाचे चांदीकाम होई, आणि ते मद्रासच्या कामाशी इतके मिळतेजुळते की अनेकदा पुण्याचा माल मद्रासच्या नावावर खपतो. गणपतीची मूर्ती असलेल्या चमच्याने साहेब मोहरीची चटणी वाढून घेत असेल, ही कल्पना आपल्याला जरा खटकते. पण ज्याने तो गणपती घडवला त्याने सोंडेचे वळण चुकवलेले नाही. कटकच्या तारकशीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती नाजूक चांदी येथील बाजारात आजही नवी मिळते, म्हणून तिच्याविषयी अधिक बोलत नाही.

पारख कशी करावी, असे पुष्कळजण विचारतात. चार गोष्टी सांगतो. 'ई.पी.एन.एस.' ही अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत मारलेली असली की हॉलमार्कसारखी भासतात. त्यांचा अर्थ निकेलमिश्रित धातूवर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा, एवढाच. ही विद्या १८४० पासूनची. तो आतला धातू म्हणजेच जर्मन सिल्व्हर, ज्यात तांबे, जस्त आणि निकेल आहे, पण चांदीचा कणही नाही. (आपल्याकडे 'जर्मनची भांडी' म्हणजे ॲल्युमिनियमची. त्या दोहोंची गल्लत करू नये.) मुलामा आधी झिजतो तो चमच्याच्या पोटाखाली, जेथे तो टेबलावर टेकतो. सुऱ्यांच्या बाबतीत आणखी सावध असावे. त्यांची मूठ पोकळ पत्र्याची असते, आत राळ भरलेली असते आणि पाते पोलादी. मोडवाला ती मूठ फोडतो, राळ खरवडतो आणि मूठभर पत्रा तराजूत टाकतो. शंभर वर्षे टिकलेली सुरी त्या वजनासाठी जाते.

दुसरी खूण श्वासाची. चमच्यावर हलकेच 'हा' करावे. वाफ धरली की क्षणभर जुने सांधे आणि पुसून टाकलेली अक्षरे डोकावतात. पहिल्या मालकाच्या नावाची अक्षरे किंवा घराण्याचे चिन्ह घासून काढले असेल तर ती जागा बोटाला पातळ लागते. आम्ही असा पुसलेला चमचा शक्यतो घेत नाही. नाव असलेला घेतो, मग ते कोणाचेही असो. तिसरी खूण झिजेची. उजव्या हाताने खाणाऱ्याचा चमचा टोकाशी डावीकडे झिजतो. अशी डावीकडे कललेली कड दिसली की समजावे, हा चमचा शोभेसाठी पडून नव्हता, जेवला आहे. कोणी डावखुरा असेल तर तोही तेथे उमटलेला असतो.

चौथी गोष्ट नक्षीच्या मोहाची. अठराव्या शतकातील साध्या, सरळ चमच्यांवर पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात फळाफुलांची नक्षी उठवून, पोटात सोन्याचा मुलामा देऊन ते 'फळांचे चमचे' म्हणून विकण्याची टूम निघाली होती. छाप शंभर वर्षे आधीचा आणि नक्षी नंतरची, असा चमचा हाती आला की नवखा माणूस हरखतो. आम्हांला तो देवळाच्या काळ्या पाषाणाला तैलरंग फासल्यासारखा वाटतो. नक्षी अधिक म्हणजे मोल अधिक, असे समीकरण नाही.

एका वस्तूचे नाव सांगतो आणि हा भाग संपवतो. वीतभर लांब, दोन्ही टोकांशी पन्हळीसारखी कोरलेली, अरुंद चांदीची पट्टी. एका शाकाहारी घरात ती हळदकुंकवाच्या डब्यात होती आणि तिने करंड्यातले कुंकू काढीत. हाडातला मगज काढून खाण्याचे ते उपकरण आहे, हे त्या घरी सांगण्याची आम्हांला गरज वाटली नाही. पन्नास वर्षे कुंकवात राहून ती पट्टी केव्हाच शुद्ध झाली आहे.

आता जे सांगण्यासाठी मुख्यतः उभा राहिलो ते सांगतो. १९८० सालच्या जानेवारीत, अमेरिकेतील हंट बंधूंनी केलेल्या साठेबाजीपायी, चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत लोक आजीचे चमचे पिशव्यांत भरून गाळणाऱ्यांच्या दारी रांगा लावून उभे होते. भाव पुढे दोन महिन्यांत कोसळला. आटलेले चमचे अर्थातच परत आले नाहीत. तो उच्चांक पंचेचाळीस वर्षे टिकला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मागे पडला. आपल्याकडेही किलोचा भाव लाखाच्या पुढे गेला. असा भाव आला की घरोघरी तीच चर्चा सुरू होते. मुले बंगळुराला, पुण्याला, अमेरिकेला. फ्लॅट लहान. काळे पडलेले ताट कोणी घासायचे? वाटणी करायची तर तराजूसारखा निःपक्षपाती पंच दुसरा नाही. सगळे एकत्र घालावे, आटवावे, आणि सारखे वाटे करावेत. भावाभावांत भांडण नको.

हे बोलणे आम्ही अनेक घरांत ऐकले आहे आणि त्यामागील सद्भावही जाणतो. गरजेपोटी मोडावे लागले तर त्यात काहीही गैर नाही. शिक्षण, आजारपण, लग्न यांसाठीच तर चांदी घरात ठेवलेली असते. आमचे म्हणणे एवढेच, की मोडण्यापूर्वी वाचावी. ताटाच्या मागे नाव आहे का, तांब्याच्या गळ्याशी कोणते साल आहे, लग्नात मिळालेल्या फुलपात्रावर कोणत्या सासर-माहेरची अक्षरे आहेत, हे पाहावे. परमुलखात आलेल्या कुटुंबांकडे घरे नसतात, जमिनी नसतात, गावच्या देवळाच्या पायरीवर पूर्वजांचे नाव नसते. पणजीचे नाव कोठेतरी कोरलेले असेल तर बहुधा ते भांड्यावरच असते. सातबाऱ्यावर ते नव्हते आणि वंशावळीत तर नव्हतेच. ते आटवले म्हणजे तिचा जगातला एकमेव लेख आटवला.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर हेच केले. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहास सुरुवात केली आणि गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, वज्र्या, करंडे, दौती असल्या, कोणी वस्तू म्हणूनही न मोजणाऱ्या वस्तू जमवल्या. मोडीच्या दुकानातूनही त्यांनी पुष्कळ सोडवल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभारलेला तो वीस हजारांच्या घरातला संग्रह त्यांनी सरकारच्या स्वाधीन केला. पुण्यास जाल तेव्हा तेथील अडकित्ते पाहावेत. सुपारी कातरण्याएवढ्या क्षुल्लक कामासाठी कारागिराने पोपट, घोडे, बायका-पुरुष घडवले आहेत. केळकरांनी ते वजनावर घेतले असते तर किती पैशांचे भरले असते?

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण प्रश्नोत्तरांत त्या येणारच. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. हा कायदा १९७६ च्या एप्रिलपासून अमलात आहे. परदेशी राहणाऱ्या मुलांकडे जुनी दिसणारी चांदी न्यायची असेल तर ती पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा. विमानतळावर वाद घालू नये. आणि वस्तू खरोखरच शंभरीच्या पुढची असेल तर ती येथेच एखाद्या भावाकडे ठेवावी. वाटणी करायची तर वस्तूंची करावी, तुकड्यांची नव्हे: एकाला ताट, एकीला अत्तरदाणी, वजनातला फरक पैशाने भरून काढावा. बारा चमच्यांचा संच मात्र फोडू नये. फुटलेला संच पुन्हा जुळवायला किती रविवार लागतात, ते आम्हांला विचारा.

घासण्याविषयी बायकांशी वाद घालण्याचे धाडस आम्ही करणार नाही, तरी एवढे सांगतो की राख, रांगोळी आणि दंतमंजन नक्षीचे शत्रू आहेत. दर दिवाळीला पाकळीची एक शीर जाते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने, आणि आपल्या या दमट, धुरकट खिदिरपुरात ती लवकर पडते. रिठ्याचे कोमट पाणी, मऊ फडके, आणि फारच काळवंडली तर वस्त्रगाळ खडू पाण्यात कालवून. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा राहू द्यावा. त्यानेच नक्षी उठून दिसते, आणि कारागिराचीही तीच अपेक्षा होती. रबराचे बंद बांधून ठेवू नयेत, मीठ आणि अंडे लागलेला चमचा तसाच पडू देऊ नये. सर्वांत उत्तम म्हणजे वापरावी. रोज हाताळलेल्या आणि धुतलेल्या चांदीला जी मऊ झळाळी येते, ती कोणत्याही पावडरीने येत नाही.

बाजूच्या टेबलावर आम्ही थोडे चमचे मांडले आहेत. भवानीपूरचा नांगर धरलेला कुणबी त्यांत आहे, मद्रासचा की पुण्याचा याविषयी अजून वाद असलेला एक गणपती आहे, आणि ते बोंडलेही आहे. काचेखाली ठेवलेले नाही. हात लावून पाहावे, उलटे करून पाहावे, आणि वाटल्यास त्यावर 'हा' करावे. ज्यांनी घरून एखादी वस्तू आणली असेल त्यांनी ती दाखवावी. वजनकाटा मात्र आम्ही आणलेला नाही.